मातीचे रुमाल

मांजरपाटाचे बारा तुकडे, वीतभर लांब, वीतभर रुंद.
कडा दुमडून घेतल्या राळेगावच्या टेलरकडून.
"रुमाल कायचे लिहू?" त्यानं विचारलं.
मातीचे, म्हटलं. पावतीवर त्यानं तसंच लिहिलं:
मातीचे रुमाल, नग बारा.

कारण कार्ड वाचत नव्हतं कोणी.
दोन वर्षं मी वावरावावरातून नागमोडी चालले,
झाडाखालची जागा सोडून, उकिरड्याजवळची सोडून,
व्ही अक्षरासारखा खड्डा, त्याच्या काठाची बोटभर चकती,
घमेल्यात कालवून चार वाटे, समोरासमोरचे दोन फेकायचे,
पुन्हा चार, पुन्हा दोन,
अर्धा किलो उरेपर्यंत.
प्रयोगशाळेतून आकडे आले. सामू आठ पूर्णांक एक,
सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक तीन आठ.
कार्डं गेली पत्र्याच्या पेटीत,
सातबारा आणि पोरांच्या टीसीच्या मधे.
एका घरी कार्डानं चूल वारताना पाहिलं.
कार्ड जाड होतं, वारा छान येत होता.

म्हणून रुमाल.
पुष्यात पुरले, पक्क्या शाईनं नंबर घालून,
प्रत्येक जागी पळाटीची काडी रोवून.
शालिक भोयरांच्या वावरात सहा:
तालुक्यात एकरी पहिले, मेळाव्यात शाल, फोटोला काच.
अनसूया टेकामांच्या वावरात सहा:
माझ्या वहीत त्यांच्यापुढे "उत्पन्न मध्यम",
आणि खाली, पेन्सिलीनं, "ऐकत नाहीत".

पोळा गेला. तान्हा पोळा गेला,
लाकडी बैलांची चाकं चिखलात रुतली, निघाली.
रुमाल खालीच होते.
मला रात्री आठवायचे ते,
काळ्या मातीत बारा पांढरे चौकोन,
पंगत मांडून ठेवावी
आणि जेवणारे यायचे असावेत तसे.

हस्तात उकरले.
भोयरांचा पहिला निघाला. झटकला.
मळका, पण अख्खा. नंबरही वाचता येत होता: तीन.
"पाहा, काई नाई झालं त्याले," ते हसले,
"धुतला तं लग्नात खांद्यावर टाकता येईन."
दुसरा अख्खा. तिसरा.
चौथ्याला ते हसले नाहीत.
मी अजून काही समजावलं नव्हतं.
त्यांनीच खुरपं खाली ठेवलं आणि विचारलं,
"इथं जेवनारं कोनीच नाई का, म्याडम?"

अनसूयाबाईंकडे वाटलं, जागा चुकलो.
काडी होती, खड्डा होता, रुमाल नव्हता.
बोटांना लागली ती नुसती शिवण,
टेलरचा नायलॉनचा दोरा, चौकोनी.
उचलून धरला, तर त्यातून पलीकडची तूर दिसली.
कापूस गेला होता, जिथून आला तिथं.
"उन्हाळ्यात मेंढ्या बसवतो मी," त्या म्हणाल्या,
"अन् पळाटी जाळत नाई.
तुमी कदी इचारलंच नाई."

ऑफिसात फॉर्म भरला.
कापडाचं वजन, आधी: सहा ग्रॅम. नंतर:
इथं दोऱ्याचं लिहायचं का, ते कुठंच दिलेलं नव्हतं.
साहेब म्हणाले, बारा रुमालांनी काही सिद्ध होत नाही.
खरं आहे.
एकरी क्विंटलात भोयर अजूनही पुढे आहेत, तेही खरं.
मी वही काढून पेन्सिलीतले दोन शब्द खोडले.
रबरानं कागद जरा फाटला.

मार्चमध्ये त्या वाटेनं गेले तर
भोयरांच्या धुऱ्यावर मेंढपाळ उभा, रात्रीचा भाव ठरत होता.
मला पाहून दोघंही गप्प.
मग भोयरच म्हणाले, दुसरीकडे पाहत,
"टेलरकडून दोन रुमाल आनले अजून.
नंबर नाई टाकला त्याइच्यावर.
कुठं पुरीन, ते तुमाले सांगनार नाई."